झोपेतलं दूध

माझी मुलगी तीन वर्षांची व्हायला आली होती आणि तिला खाता येत नव्हतं. हे कुणालाही सांगितलं की समोरचं माणूस हसून म्हणायचं, "अहो, आमचाही अशीच नाटकं करायचा. दोन घास कोंबायचे तोंडात, आपोआप शिकतात." ही आपोआपवाली माणसं मला जिथे तिथे भेटली. जिन्यात भेटली, दुकानात भेटली, दवाखान्याच्या बाकावर भेटली. आम्ही पोरीला लाडावून ठेवलीय असं प्रत्येकाचं ठाम मत. मी मान डोलवायची आणि मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

नाटकं कसली? ती पोटात पुरते दिवस राहिलीच नाही. जन्मली तेव्हा बापाच्या तळहातावर मावेल एवढी होती, म्हणून त्याने तिला मुंगी म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. पुढचे कित्येक आठवडे ती काचेच्या पेटीत होती. नाकातून नळी, तोंडातून नळी, गालांवर चिकटपट्ट्या. पट्टी बदलताना कातडी सोलून निघायची. तोंडापाशी जे जे आलं ते दुखवूनच गेलं. मग अशा पोरीने चमचा बघून ओठ घट्ट मिटले तर तिचं काय चुकलं? भाताचं एक शीत ओठाला लागलं तरी तिला उलटी व्हायची. घरी आल्यावरही दूध नाकातल्या नळीनेच जायचं; ती नळी अलीकडेच काढली होती, आणि आता बाटलीतून दोनचार घोट दूध घ्यायची आणि मान फिरवायची. तिचा पहिला शब्द 'आई' नव्हता, 'बाबा' नव्हता, 'नको' होता.

आम्ही काय काय नाही केलं? गाणी म्हटली, नाचलो, मोबाइल दाखवला, चमच्याचं विमान केलं. नवऱ्याने एकदा डोक्यावर पातेलं घालून माकडाचं सोंग आणलं. ती खुदकन हसली, हसताना तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आम्ही चमचा आत सारला. त्यानंतर कितीतरी दिवस ती आमच्यासमोर तोंड मिटूनच हसायची.

मग खेळताई भेटल्या. दवाखान्याच्या मागच्या इमारतीत त्या लहान मुलांची थेरपी करायच्या. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण मुंगी त्यांना 'खेळ' म्हणाली आणि पुढचं 'ताई' आम्ही जोडलं. खोलीत एक चटई, बुटकं टेबल, भिंतीला लागून झाकणाचे डबे आणि एक मोठं घमेलं. पहिल्या दिवशी त्यांनी मुंगीला खायला काही दिलंच नाही. घमेल्यात उकडलेला बटाटा कुस्करला, त्यात एक खेळण्यातली गाडी रुतवली आणि स्वतः रडवेला चेहरा करून बसल्या.

"गाडी चिखलात अडकली. आता काय करायचं?"

मुंगीने बराच वेळ नुसतं बघितलं. मग एका बोटाने गाडी ढकलली. बोटाला बटाटा लागला. ती रडली नाही. मी रडले.

घरी हेच करायचं होतं. रोज, त्याच वेळी, त्याच जागी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात प्लास्टिक अंथरायचं, ते तिच्याच हातून पुसून घ्यायचं, मग चिखल, मग गाजराच्या काड्यांनी ताटली बडवायची, मग केळ्याच्या चकत्यांची चाकं. शेवटी हात धुतले की खेळ संपला. आणि हे सगळं चालू असताना आम्ही तिच्या शेजारी बसून आपलं आपलं जेवायचं.

"तिच्या तोंडात जे जाईल ते तिच्याच हाताने जाईल," खेळताई म्हणाल्या. "तुम्ही भरवायचं नाही, आणि तिने हात पुढे केला तर अडवायचं नाही. एवढंच."

एवढंच! सांगायला काय जातंय? पोर समोर हाडांचा सापळा होऊन बसलीय आणि आपण तिच्यादेखत भात कालवून खायचा. मला तो घास घशाखाली उतरायचा नाही. पण मी खायची. मुंगी चिखलात गाडी फिरवायची, बोटं बरबटवून घ्यायची, कधी तो हात नाकापर्यंत न्यायची. तोंडापर्यंत मात्र कधीच नाही.

डॉक्टर वाईट नव्हते. तिला काचेच्या पेटीतून जिवंत बाहेर काढलं ते त्यांनीच. पण त्यांचा वजनाच्या काट्यावर विश्वास होता. "खेळ चालू द्या," ते म्हणाले, "पण वजन असंच रखडलं तर पोटाला छोटं भोक पाडून नळी बसवावी लागेल. दूध सरळ पोटात जाईल. मेंदू वाढायचं वय आहे हे. आपल्याला वाट बघत बसता येणार नाही."

बाहेर आल्यावर नवऱ्याने मुंगीला खांद्यावर घेतलं आणि गाडीपर्यंत एकदाही खाली ठेवलं नाही.

तो शाळेची व्हॅन चालवायचा. सकाळी पोरं सोडायची, मधे रिकामा वेळ, दुपारी पोरं आणायची. मी चष्म्याच्या दुकानात काम करायची. सकाळचा चटईवरचा खेळ माझा. तो घरी आला की मुंगी त्याच्या ताब्यात देऊन मी निघायची. दुपारची झोप तो करून घ्यायचा आणि मग तिला पुढच्या सीटवर बांधून व्हॅनच्या फेरीला न्यायचा. मुंगी व्हॅनमध्ये राणीसारखी बसायची म्हणे. मागची पोरं डबे खात असायची आणि ही आरशातून त्यांच्यावर नजर ठेवायची.

दुकानात माझं काम म्हणजे दिवसभर परक्या माणसांच्या चेहऱ्यांना हात लावायचा. चष्म्याची काडी कानामागे कुठे टेकते, नाकावर कुठे रुततं, बोटांनी चाचपून बघायचं. माणसं निमूटपणे चेहरा पुढे करतात, डोळे मिटून घेतात. मला त्यांचा हेवा वाटायचा. माझ्या स्वतःच्या मुलीच्या गालाला मी विचारल्याशिवाय हात लावू शकत नव्हते.

आणि एक गोष्ट होती जी मला कळत नव्हती. मुंगी खात काहीच नव्हती, तरी त्या महिन्यात वजन उतरलं नाही. उलट किंचित वर सरकलं. मी खूश झाले. डॉक्टरांनी खांदे उडवले. खेळताई मात्र विचारात पडल्या.

"हिला चटईवर भूकच दिसत नाही मला," त्या म्हणाल्या. "इतक्या आठवड्यांनी निदान चाटून तरी बघायला हवं होतं. दिवसभरात आणखी काही पोटात जातंय का हिच्या?"

"कसलं जातंय, ताई?" मी म्हणाले. "सकाळचे दोनचार घोट. तेही मिनतवारीने."

नवरा शेजारीच बसला होता. तो मुंगीच्या बुटाची पट्टी लावत होता. ती आधीच लावलेली होती.

त्याच आठवड्यात मालकांनी दुकानात रंगकाम काढलं. वासाने गिऱ्हाइकं उंबऱ्यावरूनच परत फिरायला लागली. मालकांनी दुपारीच शटर ओढलं आणि म्हणाले, "जा, आज पोरीला सरप्राइज दे." मी घरी आले, कुलपात किल्ली फिरवली तीही हळू, कारण मुंगी झोपलेली असणार. आतल्या खोलीचा पडदा ओढलेला होता. नवरा पलंगाला टेकून जमिनीवर बसला होता. मांडीवर मुंगी, गाढ झोपलेली, मान थोडी उचललेली, आणि तिच्या तोंडात बाटली. ती झोपेत चोखत होती. घोटामागून घोट. बाटली जवळजवळ रिकामी झाली होती.

क्षणभर मला वाटलं, किती सुंदर. माझी मुलगी दूध पितेय. मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या संसारातलं सगळ्यात मोठं भांडण आम्ही कुजबुजत केलं. मुंगी उठली असती ना.

"हे काय चाललंय?"

"हळू. ठसका लागेल तिला."

"कधीपासून?"

"डॉक्टर भोक म्हणाले तेव्हापासून."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तू बंद करायला लावलं असतंस."

"लावलंच असतं! मी रोज सकाळी त्या चटईवर जीव मुठीत धरून बसते, आज तरी चाटेल, उद्या तरी चाटेल. आणि इथे तू तिचं पोट भरून ठेवतोस?"

"मग वजन कुठून आलं असं वाटलं तुला?" तो दात आवळून म्हणाला. "त्या बटाट्याच्या चिखलातून?"

त्याचे डोळे भरून आले होते. बाटली अजून हातात होती आणि ती तो हलवतही नव्हता. "जागी असली की माझ्या हातात बाटली बघून ती भिंतीकडे सरकते," तो म्हणाला. "बापाला बघून सरकते. झोपली की पिते. मी तिला मरू द्यायचं का?"

मला त्याचा गळा धरायचा होता आणि त्याच्या गळ्यात पडायचं होतं. दोन्ही करता येईना, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन ते प्लास्टिक धूत बसले. ते स्वच्छच होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला खेळताईंसमोर नेऊन उभं केलं. "सांग," म्हटलं. त्याने सांगितलं, शाळेत छडी खायला उभ्या केलेल्या पोरासारखं. मला वाटलं खेळताई आता याची खरडपट्टी काढतील. मला ती बघायची होती, खोटं कशाला बोलू? पण त्यांनी हातातला डबा खाली ठेवला आणि विचारलं, "बाटली संपवते?"

"बहुतेक वेळा."

"खोकत नाही? घरघर होत नाही छातीत?"

"नाही."

"म्हणजे हिला गिळता येतं," खेळताई म्हणाल्या. मग चटईवर बसून त्यांनी आम्हाला समजावलं. झोपेत दूध छातीत उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, इतके दिवस निभावलं हे नशीब. हे ऐकून नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि दुसरं," त्या म्हणाल्या, "पोट रिकामं झालं की कसं वाटतं, हे हिला माहीतच नाही. आधी नळीने भरलं, आता झोपेत भरतंय. भूक लागते आणि खाल्लं की ती जाते, या दोन गोष्टींची हिच्या मनात कधी गाठच पडली नाही. तुम्ही एकटे नाही हो. बरेच आईबाप हे करतात. सांगत नाहीत, एवढंच."

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते आधी चिडले, मग त्यांनी आणि खेळताईंनी मिळून ठरवलं. झोपेतलं दूध हळूहळू कमी करून बंद करायचं, मधेमधे काट्यावर यायचं. वजन एका रेषेखाली गेलं की वाद नाही, नळी.

ते दिवस मला परत नकोत. कुणाच्या वैऱ्यालाही नकोत.

मला वाटलं होतं, भूक लागली की ती रडेल, मागेल, निदान आमच्या ताटाकडे बघेल. तसलं काही झालं नाही. ती नुसती मंदावत गेली. चिखलात गाडी ढकलायची, मधेच थांबायची आणि तशीच बसून राहायची. कपडे घालताना किरकिर, दार वाजलं तर किरकिर. दुखतंय कुठे ते तिला कळत नव्हतं आणि आम्हाला माहीत असून सांगता येत नव्हतं. आम्ही तिच्या शेजारी बसून जेवायचो. नवरा मान खाली घालून चावायचा. चावण्याचा आवाज मला नकोसा व्हायचा.

एका सकाळी माझा धीर सुटला. मी कुस्करलेलं केळं चमच्यात घेतलं आणि दुसरा हात तिच्या मानेमागे नेला. चेहरा कसा धरायचा मला चांगलं माहीत आहे, तेच तर माझं काम. ती ओरडली नाही, हात झाडले नाहीत. तिने फक्त डोळे घट्ट मिटून घेतले. सुई टोचायच्या आधी मिटते तसे. मी चमचा खाली ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले.

दुकानात त्याच दिवशी एका काकांच्या नाकावरचा चष्मा नीट करता करता माझे डोळे वाहायला लागले. काका म्हणाले, "राहू द्या हो, एवढा काही टोचत नाहीये." मालकांनी मला आत पाठवलं आणि चहा दिला. माझं काहीतरी घरचं आहे एवढं त्यांना कळलं होतं. जास्त विचारलं नाही हे त्यांचे उपकार.

काटा रेषेखाली गेला. डॉक्टरांनी तारीख दिली. ऑपरेशनपर्यंत अंगात ताकद हवी म्हणून झोपेतलं दूध परत सुरू करायला सांगितलं, कसं धरायचं, मान किती उंच, सगळं दाखवून. त्या दुपारी मी सुट्टी घेतली आणि बाटली मीच भरली. आम्ही दोघं पलंगापाशी बसलो. ती झोपेत पीत होती आणि आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो.

"नळी म्हणजे हार नाही," खेळताईंनी मला परत परत सांगितलं. "वजनाची काळजी नळी घेईल. आपण चटईवर खेळत राहू, घाई न करता. नळीवाली कितीतरी मुलं पुढे खायला शिकतात. तुमचाही जीव थोडा खाली पडेल." मला सगळं पटत होतं. डोक्याला पटत होतं. छातीत मात्र कुणीतरी सारखं म्हणत होतं की तुला एवढंसं जमलं नाही. जगातल्या सगळ्या आयांना जमतं ते.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच आम्ही वॉर्डात पोचलो. मुंगीला उपाशीपोटी आणायचं होतं. नर्सबाईंनी पलंगाच्या दांडीला पाटी अडकवली, 'तोंडाने काही देऊ नये', आणि मला बजावलं, "पाणीसुद्धा नाही हं. विसरून कुणी बिस्कीट वगैरे देतात आणि मग भूल देता येत नाही." मी जवळजवळ हसले. माझ्या मुलीला विसरून बिस्कीट! आपल्याला पेलेल असा एक तरी नियम आज मिळाला म्हणायचा.

दुपार व्हायच्या आत नंबर लागणार होता. पण एक अपघाताची केस आली आणि सगळं पुढे ढकललं गेलं. मग आणखी पुढे. मुंगीची झोपेची वेळ आली, पण वॉर्डात इतका कालवा होता की तिला झोप लागेना. झोप नाही म्हणून झोपेतलं दूध नाही, आणि असतं तरी द्यायचं नव्हतं. झोपेतलं दूध बंद होतं तेव्हाही सकाळचे दोनचार घोट तरी जायचे; जन्मल्यापासून तिचं पोट इतका वेळ पूर्ण रिकामं कधी राहिलं नसेल. मला ते तेव्हा सुचलंही नाही. मी दाराकडे डोळे लावून बसले होते.

समोरच्या पलंगावर पायाला प्लास्टर घातलेली एक मुलगी होती. तिची आजी तिच्यापुढे ताटली धरून बसली होती. ताटलीत पावाचे तुकडे. पोर एक तुकडा तोंडात टाकायची, गोष्टीचं पुस्तक बघायची, परत एक टाकायची. मुंगी पलंगाच्या कडेला बसून बघत होती. व्हॅनच्या आरशातून बघायची तशी, असं नवरा म्हणाला.

मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "बाऊ."

"कुठे बाऊ, राणी?"

तिने फ्रॉक वर केला आणि पोटावर हात ठेवला. मी घाबरले. चाचपून बघितलं, सूज नाही, काही नाही. लागलं की आम्ही फुंकर घालतो, म्हणून तिने माझं डोकं धरून पोटापाशी ओढलं. मी फुंकर घातली. तिने वाट बघितली. मग कपाळाला आठ्या घातल्या. "बाऊ," ती पुन्हा म्हणाली, आता चिडून. फुंकर लागू पडत नव्हती.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं.

मुंगी पलंगावरून उतरली. आजींच्या गुडघ्यापाशी जाऊन उभी राहिली. एक हात पोटावर, दुसरा ताटलीकडे. आजी कौतुकाने म्हणाल्या, "हवाय का गं तुला? घे की!" आणि मग त्यांचं लक्ष आमच्या पलंगाच्या पाटीकडे गेलं. "अगं बाई," म्हणून त्यांनी ताटली मागे घेतली.

मुंगी रडली. आयुष्यात पहिल्यांदा ती काहीतरी तोंडापासून लांब गेलं म्हणून रडली.

नवऱ्याने जाऊन तिला कमरेला धरलं. "थांब," तो मला म्हणाला, कारण मी उठले होते. "आत्ता खाल्लं तर आज होणार नाही."

"माहीत आहे मला."

"परत तारीख कधी मिळेल? वजन किती खाली गेलंय बघितलंस ना?"

"बघितलंय."

"आणि उद्या परत तोंड मिटलं तर? एका पावाच्या तुकड्यावर जगणार आहे का ती?"

"नाही."

"मग?"

मी एवढंच म्हणाले, "ती जागी आहे रे."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. मग त्याने तिच्या कमरेवरची पकड सोडली.

मी आजींच्या समोर हात पसरला. त्यांनी न बोलता एक तुकडा माझ्या तळव्यावर ठेवला. मी तो तळवा मुंगीपुढे धरला आणि नजर खिडकीकडे वळवली, कारण माझ्या डोळ्यांत तिला काय दिसलं असतं कोण जाणे. तळव्याला तिची बोटं लागली. तुकडा उचलला गेला. मी बघितलंच मग. तिने तो आधी चोखला. लाळेने भिजवला. एकदा उमासा आला, डोळ्यांतून पाणी आलं, तुकडा बाहेर आला. संपलं, मला वाटलं. पण तो तिने हातातच धरून ठेवला, बघितला आणि परत तोंडात घातला. तिचा गळा वरखाली झाला. आजींच्या पुस्तकवाल्या नातीने मान वर करून बघितलं आणि परत पुस्तकात घातली. तिच्या दृष्टीने त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

स्ट्रेचर ढकलत नर्सबाई आल्या तेव्हा मुंगीच्या हनुवटीला पावाचा चुरा लागला होता.

मी लपवलं नाही. लपवलं असतं तर भूल देताना जिवावर बेतलं असतं. मी सरळ सांगितलं, "हिने पाव खाल्लाय. आत्ताच."

नर्सबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "सकाळी सांगितलं होतं ना तुम्हाला? पाटी वाचता येत नाही? ऑपरेशनची माणसं आत तयारीत उभी आहेत." त्यांचं काही चूक नव्हतं. मी ऐकून घेतलं. नवराही ऐकून घेत होता, हात बांधून. थोड्या वेळाने ऑपरेशनचे डॉक्टर स्वतः बाहेर आले, डोक्याला हिरवी टोपी, डोळे थकलेले. त्यांनी मुंगीची फाईल चाळली.

"किती खाल्लं?"

मी तळवा दाखवला. उरलेला चुरा होता त्यात.

"एवढ्यासाठी आजचं रद्द?" ते म्हणाले. आवाजात राग कमी होता, वैताग जास्त. "पुढची तारीख लवकर मिळणार नाही. मधे वजन आणखी पडलं तर जबाबदारी कुणाची?"

"आमची," नवरा म्हणाला.

"तुम्हाला कळतंय ना काय केलंत ते?"

मला काहीच कळत नव्हतं. कदाचित पुढच्या महिन्यात आम्ही इथेच, याच पलंगावर असू, आणि मुंगी आणखी हलकी झालेली असेल. खाली मुंगी माझी ओढणी ओढत होती, एका हाताने पोट दाबून, आणि आजींच्या ताटलीकडे बोट दाखवून रडत होती.

डॉक्टर म्हणाले, "ही का रडतेय आता?"

यावर माझ्या तोंडी जे वाक्य आलं ते बाकीच्या बायका दिवसातून दहा वेळा म्हणतात, वैतागून म्हणतात, फोनवर बोलता बोलता म्हणतात. मला ते कधी म्हणता आलं नव्हतं. ते म्हणताना मला हुंदका आवरेना, म्हणून दोनदा म्हणावं लागलं.

"हिला भूक लागलीय, डॉक्टर. भूक लागलीय हिला."